हलके रिव्हॉल्व्हर

हलके रिव्हॉल्व्हर हे अंगावर लपवून बाळगण्यासाठी बनवलेले, आखूड नळीचे आणि कमी वजनाचे फिरत्या सिलिंडरचे हातशस्त्र आहे. त्याचा सांगाडा ॲल्युमिनियम, टायटॅनियम किंवा स्कँडियम यांच्या मिश्रधातूचा अथवा काही अंशी बहुवारिकाचा म्हणजे पॉलिमरचा असतो. रिकाम्या शस्त्राचे वजन साधारणपणे ३०० ते ५०० ग्रॅम भरते. या शस्त्राचा उगम व मुख्य प्रसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. पोलिसांचे दुसरे शस्त्र, रजेवरील पोलिसाचे शस्त्र आणि परवानाधारक नागरिकाचे स्वसंरक्षणाचे साधन अशा तीन प्रकारे ते तेथे वापरले जाते.

कमी वजनामुळे हे शस्त्र दिवसभर बाळगणे सोपे होते, परंतु त्याच कारणाने त्यातून अचूक गोळी झाडणे कठीण होते. म्हणून मुठीची योग्य निवड आणि हाताला वळण लावणारा नियमित सराव यांना या शस्त्राच्या बाबतीत विशेष महत्त्व आहे. या लेखात 'मूठ' हा शब्द शस्त्राला जोडलेल्या लाकडी वा रबरी भागासाठी आणि 'पकड' हा शब्द हाताने शस्त्र धरण्याच्या पद्धतीसाठी वापरला आहे.

इतिहास

खिशात मावणारी रिव्हॉल्व्हरे एकोणिसाव्या शतकातही होती. आधुनिक आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हराची परंपरा मात्र कोल्ट कंपनीच्या 'डिटेक्टिव्ह स्पेशल' या १९२७ च्या नमुन्यापासून धरली जाते. ते पोलादी होते व त्यात .३८ स्पेशल जातीची सहा काडतुसे मावत. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये पाच काडतुसांचे, आणखी लहान सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर तयार केले. कोलोराडो स्प्रिंग्ज येथील पोलीस प्रमुखांच्या परिषदेत ते प्रथम दाखवण्यात आले आणि त्यावरून त्याला 'चीफ्स स्पेशल' हे नाव मिळाले. पुढे कंपनीने नमुन्यांना क्रमांक दिले, तेव्हा ते 'मॉडेल ३६' झाले. या लहान सांगाड्याला 'जे' हे अक्षर दिलेले असून आजही त्या आकाराची रिव्हॉल्व्हरे 'जे-फ्रेम' या नावाने ओळखली जातात.

वजन घटवण्याचे प्रयत्न याच सुमारास सुरू झाले. कोल्टने १९५० मध्ये ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या सांगाड्याचे 'कोब्रा' बाजारात आणले. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे जॅक रूबीने ली हार्वे ऑस्वाल्डवर गोळी झाडली ती याच नमुन्याच्या रिव्हॉल्व्हरातून. स्मिथ अँड वेसनने आपल्या ॲल्युमिनियमच्या मालिकेला 'एअरवेट' असे नाव दिले. अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी सांगाडा व सिलिंडर दोन्ही ॲल्युमिनियमचे असलेली 'एम १३' रिव्हॉल्व्हरे घेतली होती. परंतु ॲल्युमिनियमचे सिलिंडर काडतुसाचा दाब सोसू शकले नाहीत. त्यांना तडे जाऊ लागल्याने ही शस्त्रे सेवेतून काढून बहुतेक नष्ट करण्यात आली. त्यानंतरच्या ॲल्युमिनियम सांगाड्याच्या नमुन्यांत सिलिंडर व नळीचा आतील भाग पोलादाचा ठेवण्यात आला.

कंपनीच्या शताब्दीनिमित्त १९५२ मध्ये आलेल्या 'सेंटेनियल' नमुन्यात घोडा सांगाड्याच्या आत पूर्णपणे झाकलेला होता. त्यामुळे शस्त्र काढताना घोडा कपड्यात अडकण्याचा प्रश्न सुटला. त्याच धर्तीचे 'मॉडेल ६४२' १९९० मध्ये आले. ॲल्युमिनियमचा सांगाडा, गंजरोधक पोलादाचा सिलिंडर आणि सुमारे ४२५ ग्रॅम वजन ही त्याची वैशिष्ट्ये होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस टायटॅनियमचे सिलिंडर आणि नंतर स्कँडियमयुक्त ॲल्युमिनियमचे सांगाडे वापरात आल्यावर वजन ३५० ग्रॅमच्याही खाली गेले. रूगर कंपनीने २००९ मध्ये आणलेल्या 'एलसीआर' या रिव्हॉल्व्हरात चापाची यंत्रणा बसवलेला भाग बहुवारिकाचा आहे.

वजन आणि प्रत्याघात

गोळी पुढे जाताना शस्त्र मागे ढकलले जाते. या धक्क्याला प्रत्याघात म्हणतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गोळी व दारूचे वायू यांचा पुढील दिशेचा संवेग आणि शस्त्राचा मागील दिशेचा संवेग समान असतो. काडतूस तेच ठेवून शस्त्र हलके केले, तर संवेग बदलत नाही, परंतु शस्त्राचा मागे येण्याचा वेग वाढतो. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजे वजन निम्मे झाल्यास हाताला सोसावी लागणारी ऊर्जा दुप्पट होते.

.३८ स्पेशल जातीच्या १०.२ ग्रॅम वजनाच्या गोळीचा वेग सेकंदाला २३० मीटर आणि दारूच्या वायूंसह एकूण संवेग सुमारे २.७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद धरल्यास स्थूलमानाने पुढील आकडे येतात. वजने काडतुसांसह आहेत.

• ४ इंची नळीचे पूर्ण आकाराचे पोलादी रिव्हॉल्व्हर (मॉडेल १०) : वजन १,०५० ग्रॅम, मागे येण्याचा वेग २.६ मीटर प्रतिसेकंद; ऊर्जा ३.५ ज्यूल
• लहान पोलादी रिव्हॉल्व्हर (मॉडेल ३६) : ६२५ ग्रॅम, ४.३ मीटर प्रतिसेकंद, ५.८ ज्यूल
• ॲल्युमिनियम सांगाड्याचे (मॉडेल ६४२) : ५०० ग्रॅम, ५.४ मीटर प्रतिसेकंद, ७.३ ज्यूल
• स्कँडियम व टायटॅनियमचे (मॉडेल ३४० पीडी) : ४१० ग्रॅम, ६.६ मीटर प्रतिसेकंद, ८.९ ज्यूल

शेवटच्या नमुन्यात .३५७ मॅग्नम हे अधिक शक्तिमान काडतूसही वापरता येते. त्या वेळी ही ऊर्जा आणखी दुपटीहून अधिक वाढते आणि अनुभवी नेमबाजालाही पाच गोळ्यांनंतर हात दुखू लागतो.

प्रत्याघाताचा परिणाम केवळ ऊर्जेवर अवलंबून नसतो. नळीचा अक्ष हाताच्या वर असल्याने शस्त्र मागे येतानाच वरच्या दिशेने उसळते. मूठ अरुंद असेल तर तोच धक्का तळहाताच्या थोड्या भागावर एकवटतो आणि अधिक बोचतो. अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्याला, मधल्या बोटाच्या पेराला आणि अंगठ्याच्या सांध्याला त्याचा विशेष त्रास होतो. मूठ बदलल्याने ऊर्जा कमी होत नाही, परंतु ती हातावर कशी व किती जागेत पसरते हे बदलते.

चाप आणि नेम

अशा बहुतेक रिव्हॉल्व्हरांत चाप ओढण्याच्या एकाच क्रियेत सिलिंडर फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. त्यासाठी साधारणपणे ५ ते ५.५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. ४२५ ग्रॅमच्या शस्त्रावर हा जोर शस्त्राच्या वजनाच्या बारा-तेरा पट होतो. जड शस्त्र स्वतःच्या जडत्वाने स्थिर राहते. हलक्या शस्त्राला ते स्थैर्य हातानेच द्यावे लागते. चाप ओढताना नळीचे तोंड बाजूला वा खाली सरकणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य अडचण असून तिचे मूळ या विषमतेत आहे.

आखूड नळीमुळे पुढची माशी व मागची खाच यांमधील अंतरही कमी असते. हे अंतर ९ सेंटिमीटर धरले, तर माशी १ मिलिमीटर चुकल्यास ७ मीटर अंतरावर गोळी सुमारे ७.८ सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर १५ सेंटिमीटर असल्यास चूक ४.७ सेंटिमीटर राहते. यावरून आखूड नळी मुळातच कमी अचूक असते असा समज होतो, तो बरोबर नाही. शस्त्र घट्ट टेकवून झाडल्यास लहान रिव्हॉल्व्हरही चांगला गट पाडते. मात्र त्यात माणसाच्या चुकीला सवलत कमी मिळते.

चाप हलका व्हावा म्हणून आतील स्प्रिंगा बदलण्याची प्रथा आहे. स्प्रिंग प्रमाणाबाहेर मऊ झाल्यास घोड्याचा आघात अपुरा पडून काडतूस न उडण्याचा धोका असतो. चाप पुढे परत आणणारी स्प्रिंग दुबळी झाल्यास चाप पूर्ण परतत नाही. म्हणून स्वसंरक्षणाच्या शस्त्रात असा बदल जाणकार कारागिराखेरीज कोणी करू नये असा सर्वसाधारण संकेत आहे.

मुठीचे प्रकार

रिव्हॉल्व्हराच्या सांगाड्याचा खालचा भाग दोन अरुंद धातूपट्ट्यांचा बनलेला असतो. मागची पट्टी तळहाताला आणि पुढची पट्टी बोटांना लागते. मूठ या सांगाड्यावर बाहेरून बसवली जात असल्याने तिचा आकार बराच बदलता येतो. पिस्तुलात मुठीच्या आत काडतुसांची पेटी असते, त्यामुळे तेथे एवढी मोकळीक नसते.

लाकडी मूठ : जुन्या नमुन्यांवर अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या एका स्क्रूने जोडलेल्या असत. ही मूठ कपड्यावरून सहज घसरते, त्यामुळे खिशातून शस्त्र चटकन निघते. मात्र मागची पट्टी उघडी राहते व धक्का थेट हाडाला लागतो. चापाच्या कड्यामागे पोकळी राहिल्याने मधल्या बोटाला आधार मिळत नाही.

पूरक तुकडा : ही पोकळी भरून काढण्यासाठी मूळ मूठ न बदलता पुढच्या पट्टीवर एक छोटा धातूचा वा बहुवारिकाचा तुकडा बसवतात. अमेरिकेत 'टायलर टी-ग्रिप' या नावाने तो प्रसिद्ध आहे. बाह्य आकार जवळजवळ तोच राहून बोटांना टेकू मिळतो, हा त्याचा लाभ.

रबरी मूठ : ही धक्का काही प्रमाणात शोषते आणि घामट हातातून निसटत नाही. मागची पट्टी झाकणाऱ्या रबरी मुठीने बेचक्याचे दुखणे बरेच कमी होते. पण त्यामुळे तळहात चापापासून काही मिलिमीटर दूर जातो. लहान हाताच्या व्यक्तीचे बोट मग चापावर पुरेसे पोहोचत नाही. शिवाय रबर कपड्याला चिकटते. शर्ट वा जाकीट मुठीवर अडकून वर राहिल्यास शस्त्र लपत नाही.

'बूट' मूठ : हिच्यात करंगळीसाठी जागा सोडलेली नसते आणि तळ आखूड असतो. लपवण्यासाठी ती सोयीची, परंतु करंगळी हवेत राहिल्याने पकडीचा जोर घटतो.

लेझर मूठ : मूठ दाबताच लाल वा हिरवा किरण लक्ष्यावर बिंदू दाखवतो. मंद प्रकाशात आणि काडतुसाविना करण्याच्या सरावात तिचा उपयोग होतो, कारण चाप ओढताना बिंदू किती हलतो ते डोळ्यांना दिसते.

मूठ निवडताना

मुठीचा योग्य आकार हाताच्या मापावर ठरतो. शस्त्र हातात धरल्यावर नळी मनगट व कोपर यांच्या सरळ रेषेत यावी आणि त्याच स्थितीत तर्जनीचे पहिले पेर किंवा पेराची घडी चापावर टेकावी, ही प्रचलित कसोटी आहे. बोट पोहोचवण्यासाठी शस्त्र हातात तिरपे फिरवावे लागत असेल तर मूठ मोठी आहे. बोटाची टोके तळहातात रुतत असतील तर ती लहान आहे.

बोटांसाठी खाचा असलेली मूठ आकर्षक वाटते, पण त्या खाचा एखाद्या ठरावीक हातासाठी कोरलेल्या असतात. बोटे उंचवट्यांवर आली तर अशी मूठ गुळगुळीत मुठीपेक्षाही अधिक त्रास देते. डाव्या बाजूच्या फळीचा वरचा भाग पुरेसा तासलेला आहे ना, हेही पाहावे लागते. तो जाड असल्यास रिकामी पुंगळी बाहेर पडताना अडकते आणि एकदम पाच काडतुसे भरणारे साधन सिलिंडरशी नीट टेकत नाही. लाकडी मूठ काचकागदाने घासून हाताजोगी करता येते. धातूचा सांगाडा मात्र कापू वा घासू नये. मुठीचा स्क्रू अती आवळल्यास लाकूड चिरते आणि सैल राहिल्यास प्रत्येक गोळीगणिक मूठ सरकते. म्हणून सरावानंतर तो तपासतात.

मूठ जितकी मोठी तितका नेम सुकर आणि मूठ जितकी लहान तितके शस्त्र लपवणे सुकर, असा हा व्यवहार आहे. खिशात न मावणाऱ्या मुठीमुळे हलके शस्त्र घेण्याचा हेतूच हरपतो. त्याचबरोबर, शस्त्र सहज लपते पण त्यातून दुसरी गोळी नेमावर जात नाही, अशा मुठीने गोळी भलतीकडे जाऊन निरपराध व्यक्तीला लागण्याचा धोका वाढतो.

हाताची पकड

हात शस्त्राच्या मागच्या पट्टीवर शक्य तितक्या वर ठेवला जातो. त्यामुळे नळीचा अक्ष व हात यांमधील अंतर घटते आणि उसळी कमी होते. घोडा बाहेर असलेल्या नमुन्यात हात इतकाही वर नेत नाहीत की घोड्याच्या मार्गात बेचके येईल. झाकलेल्या घोड्याच्या नमुन्यात ही मर्यादा नसते. पकड एखाद्याशी जोरकस हस्तांदोलन करावे तितकी घट्ट असावी. हात थरथरू लागला की जोर अधिक झाला असे समजतात.

दुसरा हात पहिल्या हाताच्या बोटांभोवती वेटाळला जातो आणि त्याचा अंगठा पहिल्या अंगठ्यावर येतो. पिस्तूल चालवणाऱ्यांना दोन्ही अंगठे पुढे ताणून ठेवण्याची सवय असते. रिव्हॉल्व्हरात ही सवय घातक आहे. सिलिंडर आणि नळी यांमध्ये बारीक फट असते व तिच्यातून तप्त वायू वेगाने बाहेर पडतात. त्या फटीजवळ आलेले बोट भाजते वा कापले जाते. आखूड नळीमुळे बोट नळीच्या तोंडापुढे जाण्याचाही धोका असतो.

सराव

हलक्या रिव्हॉल्व्हराची सवय टप्प्याटप्प्याने होते. आरंभी पूर्ण आकाराच्या किंवा .२२ जातीच्या रिव्हॉल्व्हरावर चाप ओढण्याची क्रिया शिकणे इष्ट असते. त्यानंतर हलक्या शस्त्रात ९.६ ग्रॅमच्या सपाट तोंडाच्या गोळीची, 'वॉडकटर' नावाने ओळखली जाणारी सौम्य काडतुसे वापरतात. पहिल्याच दिवशी जोरदार काडतुसे झाडल्यास शरीर धक्क्याची धास्ती घेते. मग गोळी सुटण्याआधीच मनगट खाली झुकते व डोळे मिटतात. ही दचकण्याची सवय लागायला फार गोळ्या लागत नाहीत, ती मोडायला मात्र महिने लागतात.

ती ओळखण्यासाठी सिलिंडरात खरी व नकली काडतुसे मिसळून भरतात. नकली काडतुसावर घोडा पडला आणि तरीही नळी खाली झुकली, तर दोष उघड होतो. सुरुवातीचे अंतर ३ मीटर ठेवून सर्व गोळ्या तळहाताएवढ्या गटात पडू लागल्यावर ते ५ व ७ मीटरपर्यंत वाढवले जाते. एका बैठकीत थोड्याच गोळ्या झाडणे आणि हात दुखू लागताच थांबणे अधिक फलदायी ठरते.

काडतुसाविना सराव घरी करता येतो. त्यापूर्वी सिलिंडर उघडून प्रत्येक कोठी डोळ्यांनी व बोटाने तपासली जाते, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवली जातात आणि नळी गोळी अडवू शकेल अशा भक्कम भिंतीकडेच रोखली जाते. सराव संपल्यावर 'आणखी एकदा' म्हणून चाप ओढण्याच्या मोहातून अपघात होतात. म्हणून शेवट निश्चित करून शस्त्र बाजूला ठेवण्याची शिस्त शिकवली जाते. या सरावात प्रत्येक वेळी चाप पूर्णपणे पुढे सोडण्यावर भर असतो. तो अर्ध्यावरूनच पुन्हा ओढल्यास सिलिंडर नीट फिरत नाही.

काडतुसांची निवड

अतिशय हलक्या शस्त्रात आणखी एक अडचण संभवते. शस्त्र वेगाने मागे येते, पण न उडालेल्या काडतुसांतील गोळ्या जडत्वामुळे आपल्या जागी राहू पाहतात. पुंगळीची पकड सैल असल्यास गोळी पुढे सरकते, सिलिंडराबाहेर डोकावते आणि सिलिंडर अडकतो. मॉडेल ३४० पीडीच्या नळीवर १२० ग्रेन म्हणजे ७.८ ग्रॅमपेक्षा हलकी गोळी वापरू नये अशी सूचना कोरलेली असते. निवडलेले काडतूस तपासण्यासाठी चार गोळ्या झाडून पाचव्या काडतुसाची लांबी आधीच्या लांबीशी ताडून पाहतात.

.३५७ मॅग्नमच्या शस्त्रात .३८ स्पेशल चालते, कारण दोन्हींचा व्यास समान असून दुसऱ्याची पुंगळी आखूड असते. त्यामुळे अनेक जण मॅग्नमचे शस्त्र बाळगूनही त्यात .३८ चीच काडतुसे भरतात.

सुरक्षितता

हातशस्त्राच्या आवाजाची कमाल पातळी १४० डेसिबलपेक्षा अधिक असते आणि आखूड नळीमुळे तो अधिक तीव्र जाणवतो. कानांना आच्छादन व डोळ्यांना चष्मा न लावता सराव केल्यास श्रवणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. शस्त्र खिशात बाळगताना चाप झाकणारे आवरण आवश्यक असून त्याच खिशात किल्ल्या, नाणी वा अन्य वस्तू ठेवल्या जात नाहीत. अशा रिव्हॉल्व्हरांत बहुधा हाताने लावायचा अडसर नसतो. चापाचा जडपणा हीच त्याची मुख्य सुरक्षा असते. तथापि ती लहान मुलांच्या बाबतीत पुरेशी मानता येत नाही. वापरात नसलेले शस्त्र कुलूपबंद आणि काडतुसांपासून वेगळे ठेवणे हाच उपाय आहे.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवान्याच्या अधीन आहे. परवाना जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त देतात. महाराष्ट्रातही हीच पद्धत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन करण्यात आली. शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक व्यावसायिकाकडूनच करून घ्यावी लागते आणि परवानगीशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे.

भारतीय आयुध निर्माणीने २०१४ मध्ये कानपूर येथे तयार केलेले 'निर्भीक' हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ जातीचे रिव्हॉल्व्हर आणले. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचार प्रकरणानंतर महिलांसाठीचे शस्त्र म्हणून त्याचा प्रचार झाला. सुमारे १ लाख २२ हजार रुपयांची किंमत आणि शस्त्राने स्त्रियांची सुरक्षितता खरोखर वाढते का, या दोन मुद्द्यांवर त्यावर टीकाही झाली. यांत्रिक दृष्टीने पाहता .३२ काडतुसाचा संवेग .३८ स्पेशलच्या सुमारे निम्माच असतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या अमेरिकी शस्त्रापेक्षा त्याचा प्रत्याघात बराच सौम्य आहे. चापाचा जोर, नेमाच्या खुणांमधील कमी अंतर आणि हाताच्या मापाची मूठ हे प्रश्न मात्र त्यालाही लागू होतात. केवळ शस्त्र हलके आहे म्हणून ते चालवायला सोपे आहे, असा समज या प्रकारच्या कोणत्याही रिव्हॉल्व्हराबाबत चुकीचा ठरतो.